पडद्यामागचं तिकीट

सिनेमाच्या धंद्यात उभा जन्म गेला असं सांगितलं की माणसं लगेच नट्यांची नावं विचारतात. या अंकाच्या संपादकांनीही तेच केलं. मी त्यांना सरळ सांगितलं, साहेब, मी फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर होतो. नट्या मी पाहिल्या त्या केबिनच्या तळहाताएवढ्या खिडकीतून, आणि त्याही निम्म्याच, कारण उरलेला वेळ माझं लक्ष मशिनीत असायचं. तेव्हा नट्यांचं राहू द्या. आमच्याकडे चुकीनं आलेल्या एका पिक्चरची गोष्ट सांगतो. त्या पिक्चरनं माझ्या थोरल्या भावाचं गाणं परत आणलं. दुसऱ्या कुठल्या पिक्चरनं मला एवढं काही दिलेलं नाही.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा एक मोठा तंबू होता, एक डिझेल इंजिन, एक मशीन आणि एक मालक, कादरभाई. मशिनीत उजेड करायचा तो कार्बनच्या दोन कांड्यांनी. त्यांच्या टोकांमध्ये ज्योत पेटते, कांड्या झिजत जातात आणि त्या हातानं पुढे सरकवत राहावं लागतं. जरा नजर हलली की पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक आईबहिणीवर यायचं. शहरातल्या थिएटरात दोन मशिनी असतात, एकीवरचं रीळ संपलं की दुसरी सुरू. आमची एकच. रीळ संपलं की दिवा लावायचा, नवं रीळ चढवायचं, पुन्हा अंधार. तेवढ्यात शेंगा विकल्या जायच्या, लेकरं बाहेर नेली जायची, भांडणं मिटायची आणि नवी लागायचीसुद्धा. ऑपरेटर किती लवकर रीळ बदलतो यावर त्याची किंमत ठरायची. फुशारकी मारत नाही, पण त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे आताचं आपलं हिंगोलीही त्यातच आलं, माझ्या हाताला तोड नव्हती.

आणखी एक गोष्ट. पडदा तंबूच्या मधोमध असायचा, साध्या कापडाचा. शो सुरू व्हायच्या आधी त्यावर पाणी मारायचं, म्हणजे चित्र कापडातून आरपार उमटायचं. अर्धं पब्लिक पडद्याच्या पुढे, अर्धं मागे. मागचं तिकीट स्वस्त, कारण मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. औंढा नागनाथाच्या जत्रेत लिंबाजी नावाचा एक म्हातारा दरसाल मागूनच बघायचा. एकदा जावयानं कौतुकानं त्याला पुढे बसवलं, तर बाबा पहिलंच रीळ संपताच केबिनीशी येऊन उभा.

"काय रं, तुज्या हिरोनं आज तलवार त्या हातात काहून धरली?"

"तो नेहमी त्याच हातात धरतो, बाबा."

"मला शिकवतो व्हय? इतकी वर्सं बघून राहिलो मी!"

शेवटी त्याला मागे नेऊन बसवलं. तिथून एक डोळा टाकून तो म्हणाला, "हां, आता कसं बराबर लढून राहिला."

लिंबाजीला मी खूप वर्षं हसलो. नंतर हसायचं सोडून दिलं. का, ते पुढे येईलच.

आमचं गाव साखरा, सेनगावच्या बाजूचं. गावात नाटकाचं वेड दांडगं. माझा थोरला भाऊ किसन, आम्ही त्याला दादा म्हणायचो, पेटी वाजवायचा आणि गायचा. मारोतराव म्हणून एक शेतकरी होता, तो राजा व्हायचा. दिसायला रुबाबदार, आवाज खणखणीत, पण सुरात एक ओळ म्हणता येईल तर शपथ. राजानं तोंड हलवायचं आणि पडद्याच्या कडेला बसून दादानं गायचं, अशी त्यांची जोडी. आम्ही बौद्ध, मारोतराव मराठा. तालमीत कुणाला त्याचं काही नव्हतं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

मग औंढ्याजवळच्या एका गावानं नाटकाला बोलावलं. नाटक झकास झालं. त्यानंतर पाटलाच्या अंगणात पंगत बसली. दादा आणि आमच्या वस्तीतले दोघं बसायला गेले, तर पाटलाच्या माणसानं त्यांना हात करून गोठ्याकडे दाखवलं. "तुमचं तिकडं वाढलंय." दादानं मारोतरावाकडे पाहिलं. मारोतरावानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पानावर बसला. दादा तसाच उपाशी चालत गावी आला.

मंडळी त्या दिवशी फुटली. राजाचे मुकुट आणि रंगवलेले पडदे मारोतरावाकडे राहिले, पेटी आणि तबला आमच्या घरी. त्यानंतर तिकडे मुक्या राजाचं नाटक व्हायचं आणि इकडे नुसतंच पेटीला कापड घातलेलं. दादानं गाणंच टाकून दिलं. आई म्हणायची, "लेकरा, निदान घरात तर गुणगुण." तो हूं की चूं करायचा नाही. ज्या घरात सकाळ गाण्यानं व्हायची त्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा उरला. मला ते घर खायला उठायचं.

त्या साली शिवरात्रीची जत्रा उरकून आम्ही तंबू साखऱ्याला आणला. कादरभाई पिक्चर आणायला, रिळं भाड्यानं देणाऱ्या डेपोत गेले होते. परतले ते खुशीत. एसटीच्या टपावरून रिळांची पेटी उतरवताना म्हणाले, "अब देखो क्या धूम मचती है. बंगाली पिच्चर लाया हूँ!"

"बंगाली? कोणाला कळणार, मालक?"

"अरे, जादू को समझने की क्या जरूरत है?"

आमच्या भागात बंगाल म्हटलं की एकच गोष्ट माहीत, जादू. माणसाचा बोकड करतात ते बंगाली. डेपोवाल्यानं सांगितलं म्हणे, नाटकवाल्यांचा पिक्चर आहे, शहरातल्या कुठल्याशा हौशी मंडळानं मागवला होता, परत जायच्या आधी हवा तर न्या. नाटकवाले आणि बंगाली, एवढं ऐकून कादरभाईंनी मनातल्या मनात बोकडसुद्धा पाहिला. बैलगाडीवर भोंगा बांधून दवंडी दिली: बंगालची असली जादू, लहान लेकरांना सांभाळून आणा.

तंबू फुटेस्तोवर माणसं आली. मारोतराव आपली मंडळी घेऊन पुढे बसला. ते पाहून दादानं मागचं तिकीट घेतलं. मी म्हटलं, "दादा, पुढे जागा आहे की." तर म्हणाला, "त्याच्या मांडीला मांडी लावून मी बसणार न्हाई." आमच्या वस्तीतली सगळी माणसं त्याच्या पाठोपाठ मागे गेली.

पिक्चर सुरू झाला. बोकड नाही, हाडूक नाही, लिंबू नाही. साधी माणसं येतात, बोलतात, तालमी करतात, भांडतात. थोड्याच वेळात पुढून ओरडा सुरू झाला, "जादू दाखव!" मागूनही तेच. या एका बाबतीत तेवढं गाव एक झालं होतं. कादरभाईंची पाचावर धारण बसली. केबिनीत येऊन मला म्हणाले, "आग लगा देंगे रे तंबू को."

तेवढ्यात खिडकीतून मला दिसलं, पुढच्या रांगेत एक माणूस पडद्याशी बोलतोय. चष्मा काढून डोळे पुसतोय, पुन्हा बोलतोय. नीट पाहिलं तर बंगाली डॉक्टर. वसमतला त्यांचा मूळव्याधीचा दवाखाना होता आणि आठवडी बाजारांत ते पत्र्याची पेटी घेऊन फिरायचे. नाव बिस्वास, लोकांनी केलं विश्वासराव. रीळ संपताच मी त्यांना ओढत माईकपाशी आणलं. आमचा माईक शेंगांची जाहिरात करायला असायचा.

"डॉक्टर, सांगा यांना काय चाललंय ते. नाहीतर आज आम्ही खलास."

दुसरं रीळ लावून मी आवाज बारीक केला आणि डॉक्टर बोलू लागले. "ये लोग नाटकवाला है. देश का फाळणी हुआ, घोर छूट गया. पहिले एक मोंडळी था. झगडा हुआ. अब दो मोंडळी है. एक का पास ये नहीं, दूसरा का पास वो नहीं."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, हे तर आपल्याच गावचं हाय की!" आणि असा हशा उसळला की इंजिनाचा आवाज बुडाला. त्यानंतर जादू कोणी मागितली नाही. पडद्यावर दोन्ही मंडळ्या एका नाटकासाठी एकत्र आल्या तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी खोडा घातला तेव्हा बायाबापड्यांनी कडाकडा बोटं मोडली.

पुढे नदीचा देखावा आला. त्यातला नट काठावर उभा राहून हात करून दाखवतो, पलीकडे माझं घर होतं, आता तो दुसरा देश झाला. डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि ते थांबले. तिथेच रीळ संपलं. मी दिवा लावला, रीळ चढवलं, कांड्या जुळवल्या, आणि डॉक्टर माईकवर आपणहून बोलू लागले.

"उस पार मेरा भी घोर था. घोर का पीछे तालाब. गाँव का नाटक में मैं दूत बनता था. 'महाराज, शत्रू आ गया', बस इतना बोलता था. फिर एक दिन सच में सब भागा. राजा किधर गया, रानी किधर गया, आज तक मालूम नहीं. दूत इधर आ गया. मूळव्याध का दवा देता है."

कोणी हसलं नाही. ज्या बाईनं नुकत्याच शेंगा विकत घेतल्या होत्या तिच्या हातात पुडी तशीच होती. माझं रीळ कधीच तयार झालं होतं. पण मी मशीन सुरू केली नाही. आख्ख्या नोकरीत रीळ लावायला जाणूनबुजून केलेला तेवढा एकच उशीर, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरं बोलणंच नव्हतं. पिक्चरचं नाव डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या जिभेला ते वळेना. गावानं त्याचं नाव ठेवलं नदीचा पिक्चर. दुपारी गावचा पेंटर माझ्याकडे आला, कपाळाला हात लावून.

"मारोतराव म्हनतो, ह्या पिक्चरचं नाटक बसवायचं, नदीचा पडदा रंगव, घर उजव्या अंगाला काढ. तितून निगालो तर तुजा भाऊ भेटला. त्यालाबी नदीचाच पडदा पायजे. पन त्याचं घर डाव्या अंगाला! मी म्हनलं, नदी तर एकच हाय ना? तर दोघंबी म्हनतात, मी डोळ्यानं बघितलंय."

मला क्षणभर कळेना. मग लिंबाजी आठवला आणि मी पोट धरून हसलो. पुढच्यांना त्या नटानं उजवीकडे हात केलेला दिसला होता, मागच्यांना डावीकडे. म्हणजे लिंबाजीही खोटा नव्हता; त्याला हसायचं मी तिथून सोडलं. पण हे सांगून कोण ऐकणार? एक म्हणे किसन खोटं बोलतो, दुसरा म्हणे मारोतीला दिसत नाही. दुसऱ्याला खोटं पाडायला दोघंही इतके आसुसले होते की काय विचारता. डॉक्टरांना विचारलं तर ते चिडले. "इधर बैठो तो उधर, उधर बैठो तो इधर! मेरा को पूछो तो दोनों तरफ से दूर है."

कादरभाईंनी संधी साधली. भोंग्यावर पुकारलं, आज पुन्हा नदीचा पिक्चर, ज्यांना शंका असेल त्यांनी बाजू बदलून बसावं. आणि खरंच, दिवेलागणीला मारोतराव आपली माणसं घेऊन मागे गेला, दादा वस्तीतल्यांना घेऊन पुढे आला. पडदा बांधलेल्या बांबूपाशी दोघांची गाठ पडली. दोघांनीही माना वळवल्या. पण वाट अरुंद, खांद्याला खांदा लागायचा तो लागलाच.

नदीचा देखावा आला आणि रीळ संपलं. मी दिवा लावला. ओल्या पडद्यामागून मारोतरावाचा राजाचा आवाज आला.

"किसना! हितून बघितलं. तुजं बराबर हाय. घर डावीकडंच हाय."

दादा उभा राहिला. "हितून उजवीकडं दिसून राहिलं. तुजंबी बराबर हाय."

लोक टाळ्या वाजवू लागले. कादरभाई तर गहिवरून "वाह, वाह" करत होते. मलाही वाटलं, मिटलं सगळं. पण दादा पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, "नदीचं झालं, मारोती. पन त्या पंगतीचं काय? ती कुटूनबी बघ. गोठ्यातून बघ न्हाईतर अंगनातून बघ. ती एकच दिसती."

टाळ्या थांबल्या. रीळ चढवायचं मला सुचेना. मला वाटलं, आता इथे मारामारी होणार. मारोतराव बांबूला वळसा घालून पुढे आला. राजाचा रुबाब कुठच्या कुठे गेला होता.

"व्हय," तो म्हणाला. "एकच दिसती. मी उठाया पायजे होतो. भूक लागली म्हनून न्हाई बसलो, किसना. पाटलाला भ्यालो."

"मंग आता?"

"आता बसायच्या आधी इचारीन. समद्यांची पंगत एक असंल तरच पडदा उघडंन."

"बघू," दादा म्हणाला आणि जाग्यावर येऊन बसला. गळाभेट वगैरे काही झालं नाही. पिक्चरवाल्यांना ती सवय, आमच्या दादाला नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीवरचं कापड काढलं, भात्याला पडलेलं भोक चिकटवलं आणि तालमीला गेला. पेटी वाजवायचा. गाणं मात्र म्हणेना. मारोतरावानं विचारलं तर म्हणाला, "गानं त्याच गावात. पंगत झाल्यावर. न्हाई झाली तर तुजा राजा मुकाच."

मारोतरावानं औंढ्याजवळच्या त्या गावाला आपणहून निरोप धाडला, यंदा तुमच्या गावच्या जत्रेला आम्ही येतो. मी कादरभाईंकडून सुट्टी काढली. डॉक्टरही आले, दूताचं काम करायला. नाटक नदीच्या पिक्चरवरूनच बसवलेलं, फक्त घर सुटलेला माणूस आमच्याकडे राजा झाला होता. त्यात मुळात दूत नव्हता, डॉक्टरांसाठी घातला. पेंटरनं पडदा असा रंगवला होता की मधोमध नदी आणि दोन्ही अंगाला एकेक घर. म्हणाला, "आता भांडा."

त्या गावात लोक ऊन उतरल्यापासून जागा धरून बसले होते. मारोतरावानं मुकुट घातला, मिशी लावली आणि तशाच वेशात तो पाटलाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"पाटील, आधी जेवन. मंग नाटक."

पाटील म्हातारे, गोंधळले. "जेवन तर नाटकानंतर असतंय. रीत हाय ती."

"आमची रीत बदलली. आन पंगत एक. किसन गोठ्यात बसनार असंल तर राजाबी गोठ्यात बसंल आन तितूनच गावी जाईल."

पाटील आत गेले. बराच वेळ बाहेर येईनात. तिकडे लोक शिट्ट्या मारत होते, लेकरं रडत होती. पाटलाचा माणूस मारोतरावाला समजावायला आला, चेष्टेनं बोलून पाहिलं, दटावून पाहिलं. मारोतराव हलला नाही. मिशी जाग्यावर असूनही तो ती पुन्हा पुन्हा दाबून बसवत होता, ते मी पाहिलं. भीती त्या दिवशीही होतीच त्याला. दादा पेटीवर हात ठेवून बसला होता. मला मनातून वाटत होतं, पाटील नाही म्हणाले तर दादा पुन्हा कधीच गाणार नाही. गावात तर नाहीच, आमच्या घरातही नाही.

मग पाटील बाहेर आले. बगलेत चटईची गुंडाळी होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली. "बसा," म्हणाले. "माज्या सुनंचं म्हननं पडलं, जेवन थंड व्हतंय." खरं कारण तेवढंच होतं की नाही, मला माहीत नाही. तेवढं सांगून तेही टोकाला बसले.

नाटक झालं. दादा गायला. किती दिवसांचं साचलेलं होतं देव जाणे, पण लोकांनी प्रत्येक गाणं पुन्हा म्हणायला लावलं आणि राजाचं तोंड हलवून हलवून दुखलं. डॉक्टर "महाराज, शत्रू आ गया" हे हिंदीतच बोलले आणि सगळ्यांत मोठी टाळी त्यांना मिळाली. ती मंडळी पुढे बरीच वर्षं चालली, आणि कुठेही गेली तरी आधी पंगत, मग पडदा, हा तिचा नेम राहिला. काही गावांनी त्यापायी बोलावणं बंद केलं. मंडळीनं त्या गावांचं नाव टाकलं. आमचा तंबू मात्र टिकला नाही. गावोगाव पक्की थिएटरं झाली, कादरभाईंनी इंजिन विकलं आणि मी एका थिएटरात दोन मशिनींवर रुजू झालो. तिथे पडद्यामागे भिंत होती.

पण मला आठवते ती त्या अंगणातली पंगत. वाढपी एका टोकाकडून निघाला होता आणि मी दादासमोर पाणी वाढायला उभा होतो. दादा आधीच डॉक्टरांशेजारी बसला होता. मारोतराव उभाच होता, मुकुट काखेत धरून, कुठे बसावं ते न कळून. दादानं वर पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली. मारोतराव त्याच्या उजवीकडे बसला की डावीकडे, हे आता विचाराल तर मला सांगता यायचं नाही. जागा एवढीशी होती, मांडीला मांडी लागली होती, एवढं मात्र मी समोरून पाहिलं.